फ्रान्सिस्कन परंपरेतली येशूच्या हृदयाची भक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिना हा येशूच्या पवित्र हृदयाचा महिना. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली की चर्चच्या आवारात, प्रार्थनागटांत आणि व्हॉट्सॲपवर काही प्रश्न दरवर्षी नव्याने फिरू लागतात. फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिसच्या संघाच्या, अंगाने त्यांची उत्तरं फारशी कुणी देत नाही, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत.

ही भक्ती तर जेझुइट धर्मगुरूंनी पसरवली ना? मग मध्येच फ्रान्सिस्कन कुठून आले?

मध्येच नाही, ते आधीपासून होते. फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल इथल्या मठात सिस्टर मार्गारेट मेरी आलाकोक यांना येशूच्या हृदयाची दर्शनं झाली ती १६७३ ते १६७५ या काळात. क्लोद ला कोलोंबिएर या जेझुइट धर्मगुरूंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि पुढे जेझुइट संघाने ही भक्ती देशोदेशी नेली. घराघरांत ज्याच्यापुढे लाल दिवा लागतो ते चित्र, पहिले शुक्रवार (दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची भक्ती), पवित्र तास (तासभराची प्रार्थना) हे सगळं प्रामुख्याने तिथून आलं.

पण असिसीकर संत फ्रान्सिस वारले १२२६ मध्ये. त्यांच्या संघातले लोक येशूच्या भोसकलेल्या कुशीबद्दल आणि त्या कुशीआडच्या हृदयाबद्दल लिहू-बोलू लागले ते पारे-ल-मोनियालच्या चारशे वर्षं आधी. सगळं श्रेय त्यांनाच द्यायचं असंही नाही. बाराव्या शतकातले संत बर्नार्ड, तेराव्या शतकातल्या जर्मनीतल्या हेल्फ्टा मठातल्या संत गर्ट्रूड याच वाटेने चालत होत्या. फ्रान्सिस्कनांनी मात्र ही वाट मठाच्या भिंतीबाहेर, बाजारात आणि रुग्णालयात आणली.

आणि गंमत अशी की मार्गारेट मेरींनी स्वतःच एका दर्शनाबद्दल लिहून ठेवलं आहे. संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी प्रभूने त्यांना हा संत अपार तेजात दाखवला, आपल्या हृदयाच्या सर्वांत लाडक्यांपैकी एक म्हणून ओळख करून दिली आणि मार्गदर्शक म्हणून नेमून दिला. ‘कुणाची भक्ती’ यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा मजकूर वाचावा.

स्वतः फ्रान्सिसनी येशूच्या हृदयाबद्दल काय लिहिलं आहे?

थेट असं जवळजवळ काहीच नाही. इंटरनेटवर त्यांच्या नावाने फिरणाऱ्या हृदयाच्या प्रार्थना सहसा त्यांच्या नसतात. ‘प्रेमावर कुणी प्रेम करत नाही’ हे त्यांच्या तोंडी घातलं जाणारं प्रसिद्ध वाक्यही त्यांच्या लेखनात नाही. जुन्या चरित्रात आहे ते इतकंच की असिसीजवळच्या पोर्तिउन्कुला या छोट्या चर्चजवळ ते मोठमोठ्याने रडत चालले होते आणि कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा ‘माझ्या प्रभूच्या दुःखसहनासाठी रडतो’ असं त्यांनी सांगितलं.

त्यांच्या स्वतःच्या लेखणीत ‘हृदय’ येतं ते बहुतेक आपलं, माणसाचं. संघाला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, विश्वाचा प्रभू भाकरीच्या एवढ्याशा रूपात लपण्याइतका नम्र होतो; बंधूंनो, देवाची ही नम्रता बघा आणि त्याच्यापुढे आपली हृदयं ओता. माझ्या मते फ्रान्सिस्कन हृदयभक्तीचं बीज या एका ओळीत आहे. देव मोठा आहे हे सगळेच सांगतात. फ्रान्सिसना वेड लावलं ते तो लहान होतो याने: गव्हाणीत लहान, क्रूसावर लहान, वेदीवर लहान. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यांनी खरा बैल आणि गाढव आणून गव्हाण मांडली ती याच वेडापायी.

त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो लिहितात की फ्रान्सिसच्या हृदयात येशू, ओठांवर येशू, कानांत येशू, डोळ्यांत येशू, हातांत येशू होता. शब्द कमी असले तरी माणूस आतून भरलेला होता.

ला वेर्नाच्या डोंगरावर नेमकं काय झालं?

१२२४ च्या सप्टेंबरात, क्रूसाच्या विजयाच्या सणाच्या आसपास, तोस्काना प्रांतातल्या ला वेर्ना या डोंगरावर फ्रान्सिस उपास आणि एकांत करत होते. सहा पंखांचा सेराफ (देवदूत), आणि त्या पंखांमध्ये क्रूसावर खिळलेला पुरुष, असं दर्शन त्यांना झालं. दर्शन सरलं तेव्हा त्यांच्या हातापायांवर खिळ्यांच्या खुणा आणि उजव्या कुशीत भाल्याची जखम उमटलेली होती. चेलानो सांगतात की कुशीतून वरचेवर रक्त येई, अंगरखा भिजे. फ्रान्सिस ती जखम कसोशीने लपवत. जिवंतपणी ब्रदर एलियास यांना ती दिसली आणि ब्रदर रुफिनो यांचा हात चुकून तिला लागला, एवढंच.

या प्रसंगाबद्दल चौदाव्या शतकातल्या इटालियन लोककथांत फ्रान्सिसची एक प्रार्थना येते. त्यांनी दोन वरदानं मागितली: मरण्यापूर्वी तुझ्या वेदना माझ्या देहाला आणि आत्म्याला कळू देत, आणि ज्या प्रेमाने तू आम्हा पाप्यांसाठी त्या आनंदाने सोसल्यास ते प्रेम माझ्या हृदयात शक्य तेवढं उतरू दे. प्रार्थना शब्दशः त्यांची असेल असं नाही, कारण मजकूर त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिला गेला. तरी त्यांच्या अनुयायांना डोंगरावरची ती घटना कशी कळली हे त्यातून स्पष्ट होतं. आधी वेदना, मग त्या वेदनेच्या मुळाशी असलेलं प्रेम. पुढची सगळी फ्रान्सिस्कन परंपरा याच क्रमाने चालते.

हृदय डावीकडे असतं, मग चित्रांत येशूची जखम उजव्या कुशीत का?

शाळेतली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. योहानकृत शुभवर्तमानात (१९:३४) एका शिपायाने भाल्याने कुशीत भोसकलं आणि लगेच रक्त व पाणी बाहेर आलं एवढंच आहे. कुठली कुस ते नाही. यहेज्केल संदेष्ट्याला मंदिराच्या उजव्या बाजूने पाणी वाहताना दिसलं होतं. जुन्या ख्रिस्ती लेखकांनी येशूच्या देहाला नवं मंदिर मानलं, म्हणून जखम उजवीकडे काढायची रीत पडली. असिसीत फ्रान्सिसच्या शिष्या संत क्लेअर यांच्या बॅसिलिकात असलेला सान दामियानोचा क्रूस पाहा. फ्रान्सिस तरुणपणी याच क्रूसापुढे प्रार्थना करत होते. त्यावरचा येशू डोळे उघडे ठेवून ताठ उभा आहे आणि रक्त उजव्या कुशीतून येतं आहे.

बोनाव्हेंचर यांचं नाव सारखं घेतलं जातं. त्यांनी असं काय केलं?

फ्रान्सिस जगले, त्याचा अर्थ बोनाव्हेंचर यांनी लावला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकवणारा हा विद्वान १२५७ मध्ये फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख झाला. तेव्हा संघ दुभंगण्याच्या बेतात होता, एका बाजूला कडक गरिबीवाले आणि दुसऱ्या बाजूला मोठे मठ आणि विद्यापीठं. १२५९ मध्ये ते शांती शोधत ला वेर्नाला गेले. तिथे सहा पंखांच्या त्या सेराफचा विचार करताना आत्म्याच्या देवाकडच्या प्रवासाचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ सुचला. त्याच्या शेवटी, इतकं तत्त्वज्ञान मांडून झाल्यावर, ते वाचकाला सांगतात की हे कसं घडतं ते जाणायचं असेल तर विद्या नको, कृपा माग. बुद्धी नको, तळमळ माग. उजेड नको, आग माग. पॅरिसच्या प्राध्यापकाने हे लिहावं, याला धाडस लागतं.

हृदयाबद्दल त्यांचे दोन मजकूर महत्त्वाचे. ‘जीवनवृक्ष’ या ध्यानपुस्तकात ते भाल्याच्या क्षणापाशी थांबतात. निजलेल्या आदामाच्या कुशीतून हव्वा निघाली, तशी क्रूसावर निजलेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून ख्रिस्तसभा निघाली. आणि ते रक्त-पाणी हृदयाच्या गुप्त झऱ्यातून वाहत येऊन साक्रामेंतांना (ख्रिस्तसभेच्या पवित्र संस्कारांना) जिवंतपणा देतं. मग ते वाचकाकडे वळतात: ऊठ, खडकाच्या कपारीत घरटं करणाऱ्या पारव्यासारखा हो, चिमणीला जशी जागा सापडते तशी तुझी जागा इथे आहे. पवित्र हृदयाच्या सणाला ख्रिस्तसभेच्या दैनिक प्रार्थनेत आजही हाच उतारा वाचला जातो. म्हणजे आपल्याला माहीत असो वा नसो, त्या दिवशी सगळी कॅथलिक ख्रिस्तसभा एका फ्रान्सिस्कनाच्या शब्दांत प्रार्थना करते.

दुसरा मजकूर म्हणजे ‘गूढ द्राक्षवेल’. पूर्वी तो संत बर्नार्ड यांच्या नावावर खपत असे. त्यात ते म्हणतात की ही कुस भोसकली गेली ती आपल्याला आत शिरायला दार मिळावं म्हणून, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेतून प्रेमाची न दिसणारी जखम दिसावी म्हणून. हृदयभक्तीचं यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मला तरी नंतरच्या कुठल्याच शतकात सापडलेलं नाही. १९५६ मध्ये पोप पायस बारावे यांनी येशूच्या हृदयाच्या भक्तीवर परिपत्रक काढलं, तेव्हा ही वाट आखणाऱ्या संतांत बोनाव्हेंचर यांचं नाव घेतलं. २०२४ च्या ऑक्टोबरात पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर परिपत्रक काढलं, त्यातही ते आहेत.

या परंपरेत स्त्रियांचा वाटा आहे का?

भरपूर आहे, आणि कधी कधी तो पुरुषांपेक्षा धीट आहे. संत क्लेअर येशूच्या पाच जखमांची प्रार्थना रोज करत. प्रागच्या अग्नेसला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्या ख्रिस्ताला आरसा म्हणतात: कडेला गव्हाणीतली गरिबी, मध्ये नम्रता आणि कष्ट, खोलवर क्रूसावरचं अपार प्रेम.

पण थबकायचं ते फोलिन्योच्या अँजेला यांच्यापाशी. असिसीच्या जवळच्या गावची ही संसारी बाई. आई, नवरा, मुलं थोड्याच काळात गेली आणि त्या फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात, म्हणजे प्रपंचात राहणाऱ्यांसाठीच्या शाखेत, आल्या. त्यांनी सांगितलेले अनुभव एका फ्रान्सिस्कन बंधूने लिहून घेतले. एका दर्शनात येशू त्यांना आपल्या कुशीच्या जखमेला ओठ लावायला सांगतो. दुसऱ्या वेळी त्यांच्या कानावर शब्द येतात: ‘मी तुझ्यावर थट्टेने प्रेम केलेलं नाही.’ हे ऐकून त्या आनंदी झाल्या नाहीत, कोसळल्या. कारण आपलं प्रेम मात्र थट्टेचंच आहे हे त्यांना दिसलं.

आणि मग पवित्र गुरुवारी त्या सोबतिणीला घेऊन येशूला शोधायला रुग्णालयात गेल्या. कुष्ठरोग्यांचे हातपाय धुतले आणि ते धुतलेलं पाणी प्यायल्या. वाचताना अंगावर काटा येतो, आणि याचं अनुकरण करावं असं कुणीही म्हणणार नाही. पण त्या म्हणतात की त्याची गोडी पवित्र कम्युनियनसारखी होती. येशूच्या कुशीला लावलेले ओठ आणि कुष्ठरोग्याच्या जखमा त्यांच्या मनात एकाच जागी होत्या. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केलं.

पारे-ल-मोनियालची पद्धत आणि फ्रान्सिस्कन पद्धत यांत फरक काय?

श्रद्धा एकच आहे, भर वेगळा. पारे-ल-मोनियालच्या संदेशात दुखावलेलं प्रेम आणि त्याची भरपाई पुढे असते: लोक या हृदयाचा अपमान करतात, तू सांत्वन कर. फ्रान्सिस्कन माणूस आधी थक्क होतो आणि मग कळवळतो. भरपाईचा विचार त्याच्याकडे नाही असं नाही, पण तो नंतर येतो.

यामागे थोडं धर्मतत्त्वही आहे. धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जॉन डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) या फ्रान्सिस्कन धर्मपंडितांनी मांडलं की माणसाने पाप केलं नसतं तरी देवपुत्र माणूस झाला असता. देवाला त्याच्याबाहेर कुणीतरी पूर्णपणे प्रेम करणारा हवा होता, आणि येशूचं मानवी हृदय हेच ते. म्हणजे येशूचं हृदय हा पापावरचा नंतर सुचलेला उपाय नव्हे. सृष्टी घडवताना देवाच्या मनात तेच पहिलं होतं. संत थॉमस अक्विनास यांचा कल वेगळा होता आणि ख्रिस्तसभेने दोन्ही मतं चालू दिली. मला विचाराल तर स्कोटस यांचं म्हणणं पटल्यावर पवित्र हृदयाच्या चित्राकडे अपराधी चेहऱ्याने बघणं जमत नाही.

रक्ताळलेल्या हृदयाचं चित्र पाहवत नाही. मग ही भक्ती माझ्यासाठी नाही का?

चित्र आवडणं सक्तीचं नाही. मांसाच्या गोळ्याची पूजा करता काय, असा आक्षेप अठराव्या शतकात ख्रिस्तसभेच्या आतूनच आला होता. १७८६ मध्ये इटलीतल्या पिस्तोया इथल्या धर्मसभेने तो मांडला आणि पोपनी १७९४ मध्ये तो फेटाळला. उत्तर असं की कुणी सुटा अवयव पूजत नाही. पूजा येशूची, आणि हृदय ही त्याच्या प्रेमाची जिवंत खूण. गोड गुलाबी चित्रांचा कंटाळा आला असेल तर क्रूसापुढे बसा. फ्रान्सिस्कनांनी शतकानुशतकं तेच केलं. छातीवर रंगवलेलं हृदय त्यांच्यापुढे नव्हतं, उघडी कुस होती.

महाराष्ट्र-गोव्याशी याचा काही संबंध?

फ्रान्सिस्कनांचा आहे, आणि फार जुना. १३२१ च्या एप्रिलमध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात, थॉमस ऑफ तोलेन्तिनो आणि त्यांचे तीन सोबती ठाण्यात मारले गेले. ते चीनकडे निघाले होते. थोड्याच काळाने ओदोरिक हा दुसरा फ्रान्सिस्कन तिथे आला, त्यांच्या अस्थी उचलल्या आणि चीनमधल्या मठापर्यंत नेल्या. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. ठाण्यातल्या फार थोड्या लोकांना ती माहीत आहे.

वसईकरांना संत गोन्सालो गार्सिया वेगळे सांगायला नकोत. वसईत जन्मले, जपानात व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि साधे ब्रदर राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर चढवलं आणि भाल्यांनी भोसकलं. भोसकलेल्या कुशीचं ध्यान करणाऱ्या संघातल्या या माणसाला मरण तसंच आलं. पोप पायस नववे यांनी १८६२ मध्ये त्यांना संतपद दिलं. याच पोपनी १८५६ मध्ये पवित्र हृदयाचा सण सगळ्या ख्रिस्तसभेला लागू केला होता.

जुन्या गोव्यात गेलात तर बों जेझू बॅसिलिकाच्या गर्दीतून बाहेर पडून संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्येही जा. मुख्य वेदीवर फ्रान्सिसची मोठी मूर्ती आणि तेवढाच मोठा क्रूसावरचा येशू आहे. खाली लिहिलं आहे: गरिबी, नम्रता, आज्ञापालन.

सण कधी असतो?

पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) नंतरच्या एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे नेहमी शुक्रवारी. २०२६ मध्ये १२ जून. फ्रान्सिसच्या मृत्यूला आठशे वर्षं होतात तेही याच वर्षी.

अलीकडच्या काळातले फ्रान्सिस्कन ही भक्ती करतात का?

करतात. कपुचिन (फ्रान्सिस्कनांची एक शाखा) संत पाद्रे पिओ, ज्यांच्या अंगावर १९१८ मध्ये पाच जखमा उमटल्या, प्रार्थना मागायला आलेल्या प्रत्येकासाठी पवित्र हृदयाची नोव्हेना म्हणत. पोप लिओ तेरावे यांनी १८९९ मध्ये सगळं जग पवित्र हृदयाला समर्पित केलं. ते तिसऱ्या संघाचे सदस्य होते. मिलानमधलं कॅथलिक विद्यापीठ १९२१ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि डॉक्टर आगोस्तिनो जेमेल्ली यांनी काढलं. त्याला पवित्र हृदयाचं नाव मिळावं म्हणून हटून बसल्या त्या आर्मिदा बारेल्ली, प्रपंचात राहणाऱ्या फ्रान्सिस्कन. विद्यापीठाचा हिशेब जमेना तेव्हाही ‘पवित्र हृदय बघून घेईल’ या भरवशावर त्या पैसे गोळा करत राहिल्या. २०२२ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं.

घरी सुरुवात कशी करावी? वेळ कमी असतो.

पहिले नऊ शुक्रवार करत असाल तर ते सोडू नका. त्यात फ्रान्सिस्कन रंग भरायचा तर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेतलं एकच स्थान घ्या, बारावं, येशूच्या मरणाचं. ‘हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो आणि तुझा धन्यवाद करतो, कारण तू आपल्या पवित्र क्रूसाद्वारे जगाचा उद्धार केला आहेस’ ही तिथली ओळ फ्रान्सिसच्या मृत्युपत्रातही आहे. वाटेत कुठेही चर्च किंवा क्रूस दिसला की ते ती म्हणत. मग योहानचा एकोणिसावा अध्याय, ३१ ते ३७ ओव्या. पाच मिनिटं गप्प बसा.

दुसरी गोष्ट घराबाहेरची. फ्रान्सिसनी मृत्युपत्राची सुरुवात क्रूसाने किंवा दर्शनाने केलेली नाही, कुष्ठरोग्यांनी केली आहे. ‘त्यांना पाहणं मला फार कडू वाटे. प्रभूनेच मला त्यांच्यात नेलं आणि मी त्यांच्यावर दया केली. तिथून निघालो तेव्हा जे कडू होतं ते गोड झालं होतं.’ ज्याच्या घरी जायला आपण टाळाटाळ करतो असा एखादा आजारी नातेवाईक, शेजारी प्रत्येकाला असतो. महिन्यातला एक शुक्रवार त्याच्याकडे जायला ठेवा.

त्यासाठी तिसऱ्या संघात नाव घालावं लागतं का?

नाही. घालायचं असेल तर लग्न झालेल्यांनाही घालता येतं. त्यांची सध्याची नियमावली १९७८ ची आहे. जवळच्या फ्रान्सिस्कन किंवा कपुचिन मठात चौकशी करा. शपथ घेण्याआधी काही काळ शिक्षणाचा असतो, त्यामुळे घाई कुणी करत नाही.